अडीच लाखांची बॉडी आणि कार्यालयातली ट्यूबलाइट

पाडव्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंतचे दहा-बारा दिवस बोरा बाजारातल्या कॅमेऱ्याच्या दुकानांत उभं राहायला जागा नसते. सीएसएमटी स्टेशनजवळच्या या फोर्टातल्या गल्लीत लालबाग-परळचा, दादरचा, गिरगावचा लग्नाचा फोटोग्राफर गणपती आणि नवरात्रीचे पैसे घेऊन येतो. काहींचे पैसे अजून यायचे असतात. मंडळाचं बिल दिवाळीनंतर निघणार आणि कॅमेऱ्याची बॉडी मात्र आधी हवी, कारण तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं सुरू. काउंटरवरचा प्रश्न बहुधा एकच असतो: कॅननचा फाईव्ह डी मार्क फोर नाहीतर निकॉनचा डी ७५० इतकी वर्षं चालवला, आता मिररलेस घ्यायचाय, कॅनन, निकॉन की सोनी?

माझं मत आधीच सांगून टाकतो. या प्रश्नाचं उत्तर बोरा बाजारात मिळत नाही. ते आपण ज्या कार्यालयात, ज्या मंडपात, ज्या गल्लीत काम करतो तिथल्या उजेडात असतं, आणि आपल्या बॅगेत आधीपासून असलेल्या लेन्सांत असतं. मेगापिक्सलचा नंबर फार नंतर लागतो.

आरशाचा कॅमेरा सोडून मिररलेस घ्यायचा की नाही, हा वाद आता संपला. सोनीचा पहिला फुल फ्रेम मिररलेस, ए ७, २०१३ साली आला तेव्हा लग्नाच्या धंद्यात त्याला फारसं कोणी विचारलं नाही. २०१८ मध्ये सोनीचा ए ७ थ्री आला, त्याच वर्षी निकॉनने झेड ६ आणि झेड ७ काढले, कॅननने ईओएस आर काढला, आणि आरशाच्या कॅमेऱ्यांचे दिवस भरले. कॅननचा वन डी एक्स मार्क थ्री आणि निकॉनचा डी ६ हे दोघे २०२० चे, आणि त्या घराण्यातले शेवटचे मोठे वारस. तरीही आपल्याकडचे जुने फोटोग्राफर तेव्हा थांबून राहिले, आणि त्यांचं चुकलं नाही. निकॉनचे ते पहिले दोन्ही आणि कॅननचा ईओएस आर, तिघांतही कार्ड एकच जात होतं. बॅटरीचीही तीच रड. प्रमाणित चाचणीत डी ७५० एका बॅटरीवर १२३० फोटो काढायचा, झेड ६ चा आकडा होता ३१०. प्रत्यक्षात सलग काम करताना दोन्ही कॅमेरे याहून बरेच जास्त देतात, पण प्रमाण साधारण तेच राहतं. सकाळच्या मुहूर्ताला निघालेला माणूस रात्रीच्या रिसेप्शनपर्यंत परत येत नाही. त्याला कागदावरच्या दर्जापेक्षा खिशातल्या बॅटऱ्यांची काळजी जास्त.

आता कार्यालयात शिरू. दादर-गिरगावातली जुनी कार्यालयं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना तिथला उजेड वेगळा सांगायला नको. छताला ट्यूबलाइटी, स्टेजवर पिवळे फोकस, सजावटवाल्याने मागे लावलेल्या रंग बदलणाऱ्या एलईडी पट्ट्या, आणि व्हिडिओवाल्याच्या पोऱ्याने उंच धरलेलं पांढरं पॅनल. चार दिवे, चार रंग. त्यात आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे साधी ट्यूबलाइट किंवा स्वस्तातला एलईडी सेकंदाला १०० वेळा उजळतो आणि मंदावतो. डोळ्याला हे कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. एक शंभरांशला शटर ठेवलं तर दिव्याचा एक पूर्ण फेरा फोटोत येतो आणि सगळं ठीक दिसतं. वधूने हार घालताना हात हलू नयेत म्हणून शटर अडीचशेला नेलं, की एक फ्रेम उजळ, पुढची मातकट.

मिररलेसमध्ये यात आणखी एक गुंता आहे. त्यात आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर असतं, आणि नवा कॅमेरा हातात आला की माणूस आधी तेच लावून बघतो. पण बहुतेक सेन्सर चित्र एकदम वाचत नाहीत, वरून खाली ओळीओळीने वाचतात. सोनीचा ए ७ फोर हा लग्नवाल्यांचा लाडका ३३ मेगापिक्सलचा कॅमेरा. त्याला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत जायला साधारण सेकंदाचा पंधरावा भाग लागतो. तेवढ्यात ट्यूबलाइट सहा-सात वेळा उजळून मंदावते. मग फोटोत तेवढेच आडवे पट्टे येतात: नवरदेवाच्या फेट्यावर एक, शेरवानीवर दोन, मागच्या पडद्यावर बाकीचे. हे पट्टे एडिटिंगमध्ये काढणं म्हणजे रात्रीची झोप घालवणं. निकॉनच्या झेड ८ ला हेच वाचन करायला सेकंदाचा दोनशे सत्तरावा भाग पुरतो, म्हणून त्यात मेकॅनिकल शटरच ठेवलेलं नाही. सोनीचा ए ९ थ्री सगळ्या ओळी एकाच क्षणी वाचतो, पण त्याच्या किमतीत लालबागमध्ये एखाद्याचा वर्षभराचा संसार चालेल. राहिलेल्यांसाठी उपाय साधा आहे: कार्यालयात मेकॅनिकल शटर लावा आणि मुका कॅमेरा नाटकासाठी ठेवा.

नाटकाचा विषय निघालाच आहे तर तिथे मिररलेसला तोड नाही. दादरचं शिवाजी मंदिर असो की गिरगावचं साहित्य संघ मंदिर, दुसऱ्या अंकातल्या शांततेत आरशाच्या कॅमेऱ्याचा खटका तिसऱ्या रांगेतून रंगमंचापर्यंत ऐकू जातो. नाटकाचे फोटो काढणारे म्हणून रंगीत तालमीवरच भागवायचे. आता प्रयोग चालू असतानाही काम होतं. फक्त रंगमंचावरचे दिवे एलईडीचे असतील तर वर सांगितलेलं दुखणं तिथेही आहे, आणि ते पहिल्या पाच फोटोंतच तपासून घ्यावं.

लग्नाच्या धंद्याला मिररलेसने खरं काय दिलं असेल तर डोळा. कॅमेरा माणसाचा डोळा शोधतो आणि धरून ठेवतो. अंतरपाट दूर होतो तो क्षण आठवा. शेवटचं मंगलाष्टक संपतं, वाजंत्री सुरू होते, अंतरपाट खाली जातो आणि दोनशे माणसं एकदम अक्षता फेकतात. जुन्या कॅमेऱ्यात मधला पॉइंट नवरीच्या चेहऱ्यावर ठेवलेला असला तरी मध्ये उडणारा तांदूळ किंवा हलणारी मुंडावळी फोकस पळवून न्यायची. अनुभवी माणूस फोकस लॉक करून श्वास रोखायचा. नवे कॅमेरे हा क्षण दहातल्या नऊ वेळा पकडतात. एवढ्यासाठी अडीच लाख घालायचे का? ज्याची महिन्याकाठी सात-आठ लग्नं असतात त्याने घालावेत. ज्याचं एखादंच असतं त्याने श्वास रोखायची सवय चालू ठेवावी.

कार्यालयातून गणपतीच्या रस्त्यावर आलं की हिशेब बदलतो. चिंचपोकळीचं मंडळ १९२० चं, गणेश गल्लीचं १९२८ चं, लालबागच्या राजाचं १९३४ चं. पण फोटोग्राफरांचा सण चतुर्थीच्या आधीच सुरू होतो, परळच्या कार्यशाळांतून मोठ्या मूर्ती बाहेर पडतात त्या दिवशी. चिंचपोकळीच्या चिंतामणीच्या आगमनाला रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते आणि वर हातांचं जंगल असतं, प्रत्येक हातात मोबाइल. त्या गर्दीत व्ह्यूफाइंडरला डोळा लावून कोणालाच काही दिसत नाही. कॅमेरा दोन्ही हातांनी डोक्यावर धरायचा आणि वाकणाऱ्या स्क्रीनवर खालून बघायचं. फाईव्ह डी मार्क फोरसारख्या उत्तम कॅमेऱ्याची स्क्रीन पाठीला घट्ट चिकटलेली. इथे तो आंधळा. या एका कारणासाठी लालबागच्या कितीतरी पोरांनी बॉडी बदलली आहे, आणि मला ते कारण कुठल्याही जाहिरातीतल्या कारणापेक्षा पटतं.

विसर्जनाला लालबागच्या श्रॉफ बिल्डिंगखाली उभं राहून पाहा. वरून पुष्पवृष्टी सुरू होते, खालून गुलाल उडतो, आणि मधल्या त्या गुलाबी धुरळ्यातून वीसेक फुटांची मूर्ती पुढे सरकते. कितीही महागडा कॅमेरा असो, त्याला आपण काही शिकवलं नसेल तर तो पाकळीवर फोकस करतो, कारण पाकळी जवळ आहे आणि हलते आहे. मेनूमध्ये ट्रॅकिंग किती चटकन सुटावं याची एक पायरी असते. ती घट्टाकडे नेऊन ठेवली की कॅमेरा मध्येच आलेल्या वस्तूकडे जरा वेळ दुर्लक्ष करतो. ही सोय निकॉनमध्ये आहे, कॅननमध्ये आहे, सोनीमध्येही आहे; कंपनी बदलून ती जास्त मिळत नाही. आणि काहीही झालं तरी तिथे लेन्स बदलायची नाही. मिररलेसचा सेन्सर लेन्स जिथे बसते त्या माउंटच्या तोंडाशीच असतो. आत गेलेला गुलाल भाद्रपदातल्या दमट हवेत तिथेच चिकटून बसतो. म्हणून ज्यांना परवडतं ते दोन बॉडी गळ्यात घालतात, एकीवर सोळा-पस्तीस आणि दुसरीवर सत्तर-दोनशे. ज्यांना परवडत नाही त्यांनी एका झूमवर दिवस काढावा.

लेझरबद्दलही इथेच सांगतो. २०२३ च्या विसर्जन मिरवणुकीनंतर नाशिकमध्ये काही तरुणांच्या डोळ्यांच्या पडद्याला लेझरने इजा झाल्याचं तिथल्या नेत्रतज्ज्ञांनी सांगितलं होतं. जो किरण डोळा जाळतो तो सेन्सरही जाळतो. आरशाच्या कॅमेऱ्यात फोटो काढायच्या क्षणापुरता सेन्सर उघडा असतो, मिररलेसमध्ये तो सतत उघडा. अर्थात आरशाच्या कॅमेऱ्यात मधल्या वेळात तोच किरण तुमच्या डोळ्याकडे जातो, तेव्हा त्यात फायदा मानायचं कारण नाही. डीजेच्या गाडीवर लेझर दिसला की कॅमेरा खाली.

२०२५ चं विसर्जन अनेकांच्या लक्षात राहील. अनंत चतुर्दशीला, ६ सप्टेंबरच्या सकाळी निघालेला लालबागचा राजा गिरगाव चौपाटीवर पोचला, भरती आणि तराफ्याचं गणित जमेना, आणि विसर्जन व्हायला ७ तारखेची रात्र झाली. इतका वेळ कॅमेरा जागा ठेवायचा तर बॅटऱ्या, कार्डं आणि सोबतीला माणूस लागतो. बॉडीचं वजन थोडं कमी असणं तेव्हा मानेला कळतं.

लेन्सांचा हिशेब आता. निकॉनचा एफ माउंट १९५९ चा. त्यावरच्या लेन्सा अडॅप्टर लावून झेडवर चालतात, पण ज्यांच्यात स्वतःची मोटर नाही त्यांचा ऑटोफोकस निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरवर बंद पडतो, कारण त्या अडॅप्टरमध्ये मोटरच नाही. म्हणजे आपल्याकडे घरोघरी असलेली जुनी पंच्याऐंशी १.८ डी आणि पन्नास १.८ डी हाताने फोकस करावी लागणार. हे दुकानात कोणी आपण होऊन सांगत नाही, विचारावं लागतं. कॅननचा ईएफ माउंट १९८७ पासून इलेक्ट्रॉनिकच असल्याने त्या लेन्सा अडॅप्टरवर मुकाट चालतात, कधी कधी जुन्या बॉडीपेक्षा अचूक. पण कॅननने आपल्या नव्या आरएफ माउंटची दारं बाहेरच्या कंपन्यांना फुल फ्रेमच्या ऑटोफोकस लेन्सांसाठी बंद ठेवली, त्यामुळे पुढची लेन्स कॅननच्याच भावात घ्यावी लागते. सोनीकडे उलटं. टॅमरॉन आणि सिग्माच्या लेन्सा मुबलक, आणि टॅमरॉनची पस्तीस-दीडशे ही एक लेन्स लावून माणूस अख्खं लग्न उरकतो. ती आता निकॉन झेडलाही मिळते. म्हणून ज्याच्या बॅगेत कॅननच्या तीन चांगल्या लेन्सा आहेत त्याने मित्राच्या नादाने सोनीकडे जाणं म्हणजे बॉडीच्या नावाखाली सगळं दुकान नव्याने मांडणं. ज्याच्याकडे फक्त किट लेन्स आणि एक पन्नास आहे तो मोकळा आहे; त्याने लेन्सांचे भाव बघून घर निवडावं.

मेगापिक्सलचं एकदा अल्बमच्या कागदावर मांडून बघू. आपल्याकडचा करिझ्मा अल्बम उघडला की बहुधा १२ बाय ३६ इंचांचं पान असतं. एक फोटो त्याच्या अर्ध्यावर, म्हणजे १२ बाय १८ वर लावला, आणि इंचाला ३०० ठिपके धरले, तर ३६०० गुणिले ५४००, साडेएकोणीस मेगापिक्सल होतात. २४ चा कॅमेरा पुरून उरतो. चौकात लागणारा फ्लेक्स मोठा असला तरी तो रस्त्यापलीकडून बघायचा असतो, त्याला इंचाला याच्या दहाव्या हिश्श्याइतके ठिपकेही चालतात. उलट बाजूचा खर्च मात्र रोजचा आहे. २४ ची रॉ फाइल ३० एमबीची धरली तर एका लग्नाच्या ३००० फोटोंना ९० जीबी लागतात. ४५ ची ५५ एमबीची धरली तर १६५ जीबी. फाइल लहान करून लिहिण्याच्या सोयी नव्या बॉडीत आहेत, तरी हार्ड डिस्क, कार्ड आणि एडिटिंगचा पीसी हे सगळं मागोमाग बदलावं लागतं. दागिन्यांच्या जाहिरातींचं काम करणाऱ्याला ४५ हवेत. डोहाळजेवण आणि बारशी करणाऱ्याला नकोत.

पैशाचं बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. सोनीचा ए ७ फोर, कॅननचा आर ६ मार्क टू, निकॉनचा झेड ६ थ्री ही मधल्या फळीतली नावं. बाजारात उतरताना नुसत्या बॉडीची किंमत अडीच लाखांच्या आसपास. डिजिटल कॅमेऱ्यावरचा जीएसटी सुरुवातीला २८ टक्के होता, जानेवारी २०१९ पासून १८ झाला. तेव्हा अडीच लाखांच्या बिलात सरकारचे सुमारे अडतीस हजार असतात. ज्याची जीएसटी नोंदणी आहे तो ते वळते करून घेऊ शकतो. सेवेच्या धंद्यात वर्षाला २० लाखांच्या खाली उलाढाल असणाऱ्याला नोंदणीची सक्ती नाही, आणि गल्लीतला बहुतेक फोटोग्राफर त्याखालीच असतो. त्याला हे अडतीस हजार खिशातूनच जातात. मग बिलाशिवायचा माल खुणावू लागतो. त्यावर भारतातली वॉरंटी नसते, चोरी झाली तर विम्याला दाखवायला कागद नसतो, आणि पुढे विकताना समोरचा बिल मागतो. मी तरी त्या वाटेला जाऊ नका असंच सांगेन. त्यापेक्षा बिलासकट सेकंडहँड बरी. शटर काउंट बघावा: डी ७५० आणि फाईव्ह डी मार्क फोरचं शटर दीड लाख क्लिकसाठी बनवलेलं आहे, आणि लग्नाच्या बॉडीवर तो आकडा केव्हाच पार झालेला असतो.

महागडा कॅमेरा आणणं, वेळ पडली तर कर्ज काढूनही, मुंबईला नवं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, म्हणजे सावेदादांनी, लंडनहून २१ गिनींचा कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनवर कुस्ती चित्रित केली. त्यानंतर दशकभराने गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ख्रिस्ताच्या चरित्रावरचा चित्रपट पाहून दादासाहेब फाळके झपाटले. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला गेले. तिथे त्यांनी दुकानात शिरून आधी कॅमेरा घेतला नाही. ते बायोस्कोप साप्ताहिकाच्या संपादकांना, कॅबर्नना, भेटले, त्यांच्या ओळखीने सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ आतून पाहिला, काम कसं चालतं ते पाहिलं, आणि मग विल्यमसन कॅमेरा, फिल्मला भोकं पाडायचं यंत्र आणि कच्ची फिल्म यांची मागणी नोंदवली. एप्रिलमध्ये परत आले. कॅमेरा आल्यावरही थेट कथापटाला हात घातला नाही. कुंडीतल्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपत एक छोटी फिल्म केली आणि ती पैसे घालू शकणाऱ्यांना दाखवली. पैसे देणाऱ्यांत यशवंतराव नाडकर्णी हे फोटोग्राफीच्या सामानाचे व्यापारी होते. सरस्वतीबाईंनी अंधारात बसून फिल्मला भोकं पाडली, दागिनेही दिले. दादरच्या बंगल्यात चित्रित झालेला ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. आज बोरा बाजारात हप्त्याच्या कागदावर सही करणाऱ्या पोराला मी एवढंच म्हणेन की बाबा, आधी कुंडीतलं रोप काढून बघ. तोच कॅमेरा एक दिवसासाठी भाड्याने मिळतो. तो घेऊन तुझ्या नेहमीच्या कार्यालयात जा, तिथल्याच ट्यूबलाइटीखाली शंभर फोटो काढ, घरी येऊन तुझ्याच पीसीवर उघड. भाडं दोन-चार हजार जाईल, अडीच लाख वाचतील किंवा सत्कारणी लागतील.

नव्या बॉडीइतकीच पावसाळ्यातली बुरशी महागात पडते. मुंबईच्या हवेत लेन्स कपाटात कापडात गुंडाळून ठेवली की एका पावसाळ्यात काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे उमटतात. ४० ते ५० टक्के आर्द्रता राखणारं विजेचं ड्राय कॅबिनेट बॉडीच्या किमतीच्या मानाने किरकोळ असतं, आणि तरी ते घ्यायचं मनावर घेतलं जात नाही. का, ते मला अजून कळलेलं नाही.

तर निवाडा असा. लग्न, बारसं, मंडळ हेच काम असेल तर आपल्या लेन्सा ज्या कंपनीच्या आहेत त्याच कंपनीची, दोन कार्डांची, वाकत्या स्क्रीनची, २४ ते ३३ मेगापिक्सलची बॉडी घ्या. जुनी विकू नका, ती बॅकअपला राहू दे. झेड ८ किंवा कॅनन आर ५ च्या वर्गात जायचं ते जाहिरातीचं काम किंवा नाटक-मिरवणुकांचं नियमित काम हाती असेल तरच. आणि हातात एक लाखच असेल तर बॉडी तीच ठेवून एक चांगली सत्तर-दोनशे आणि दोन फ्लॅश घ्या. फोटोत फरक त्याने जास्त पडेल. नवी बॉडी घेतलीच तर पहिलं काम तिच्यावर एकटीवर काढू नका.

हा अंक ज्यांच्या घरी जातो त्यांतले बहुतेक जण फोटो काढणारे नसून काढून घेणारे असतील. त्यांना एक विनंती आहे. या मोसमात घरात लग्न असेल तर फोटोग्राफरला कॅमेरा कुठल्या कंपनीचा हे विचारू नका. एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो लिहिले जातात का, दुसरी बॉडी बरोबर असते का, आणि अल्बम दिल्यावर मूळ फाइल किती महिने ठेवता, हे तीन प्रश्न विचारा. तारीख ठरवताना निम्मे पैसे द्या, आणि अल्बम हातात पडला की उरलेले त्याच दिवशी द्या. त्याच्या हप्त्याची तारीख ठरलेली असते.